पुढचा सचिव कोण? लहान सोसायट्यांचा अनुभव धागा

डोंबिवली पूर्वेला आमची १४ सदनिकांची इमारत आहे. लिफ्ट नाही, वॉचमन फक्त रात्रीचा. ११ वर्षं मी सचिव आहे. परवा वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लिहायला बसले आणि 'व्यवस्थापक समितीची निवड' या विषयाशी पेन थांबलं. कोण काय कारण सांगणार ते मला पाठ आहे: मुलाची दहावी, आईचं आजारपण, नोकरीतली बदली. यातलं एकही कारण खोटं नाही, म्हणूनच आग्रह करवत नाही.

मोठ्या संकुलांना पगारी मॅनेजर परवडतो. १०-२० घरांच्या सोसायटीला ते जमत नाही, पण कायदा तोच. ३० सप्टेंबरच्या आत सभा, लेखापरीक्षण, त्यावरचा दोषदुरुस्ती अहवाल, 'जे' नमुन्यातली सभासद यादी, ५ वर्षांनी निवडणूक. २०१४ च्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, १०० सभासदांपर्यंतच्या संस्थेला ११ जणांची समिती धरली आहे. आमच्याकडे तेवढी माणसं कुठून आणायची? कागदावर नावं आहेत, प्रत्यक्षात काम दोघंच करतो, आणि खजिनदार काका आता ७४ वर्षांचे आहेत.

तुमच्याकडे हा थकवा कशाने आला आणि नवीन माणूस नेमका कशामुळे पुढे आला, ते लिहा. जमलं नसेल तर तेही लिहा. नावं नकोत, गाव आणि घरांची संख्या पुरे.

ठाणे, नौपाडा. १६ सदनिका. माजी सचिव.

मला कामाने नाही, फोनने थकवलं. पहाटे ६ ला 'पाणी आलं नाही', रात्री ११ ला 'माझ्या जागेवर कुणीतरी गाडी लावलीय'. मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी, पाहुणे दारात असताना, दुसऱ्या मजल्यावरून बाथरूमच्या गळतीचा फोन आला होता. मी तो घेतला. बायको काही बोलली नाही, पण तिचा चेहरा अजून आठवतो.

२०२० मध्ये सगळं टोकाला गेलं. घरकामाला येणाऱ्या ताईंना आत घ्यायचं की नाही, कुरियर कुठे ठेवायचं, पॉझिटिव्ह निघालेल्या घराला दूध कुणी पोचवायचं. त्या ४ महिन्यांत इमारतीतल्या प्रत्येकाला मी कधी ना कधी 'नाही' म्हटलं. लोकांनी ते नियमाचं न मानता माझं मानलं. शासनाने सहकारी संस्थांच्या निवडणुका पुढे ढकलल्या होत्या, त्यामुळे मुदत संपूनही आम्हीच.

२०२२ मध्ये राजीनामा दिला. तो ८ महिने टेबलावर पडून होता, कारण घ्यायला कुणीच नव्हतं. तेव्हा खजिनदारांनी सुचवलं की सोसायटीच्या नावाने एक साधा मोबाइल घेऊ आणि तो दर महिन्याला एकेका घरी ठेवू. फोन ज्याच्या घरी, त्या महिन्याच्या तक्रारी त्याच्याकडे. निर्णय समितीचा, पण फोन उचलायचा त्या घराने. दोघांनी साफ नकार दिला, बाकीचे कुरकुरत तयार झाले. जूनमध्ये तो दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंकडे गेला. पहिल्याच पावसात गच्ची गळली, टाकी साफ करायची राहिली होती, पंपाचा स्टार्टर जळला. महिनाअखेर फोन पुढच्या घरी देताना त्या मला म्हणाल्या, "काका, मी करीन सचिवपद, पण फोन असाच फिरता राहिला पाहिजे." तो आजही फिरतो. आता पाण्याची तक्रार करताना लोकांचा आवाज उतरलेला असतो, कारण पुढच्या महिन्यात त्यांचीच पाळी असते.

रत्नागिरी. ९ सदनिका.

आमच्याकडे ५ घरांना वर्षातले ११ महिने कुलूप. मालक मुंबईत. सर्वसाधारण सभेला प्रतिनिधी पाठवता येत नाही, मुखत्यारपत्रही चालत नाही, स्वतः यावं लागतं. म्हणून आम्ही सभा गणपतीत घेतो, गौरी यायच्या आदल्या दिवशी. चाकरमानी सगळे घरी असतात आणि ३० सप्टेंबरची मुदतही पाळली जाते. नोटीस मात्र पूर्ण १४ दिवस आधी निघायला हवी, त्यात ढिलाई नको. हिशेब आता गोरेगावात राहणारे एक सभासद तिथूनच ठेवतात, ते बँकेत आहेत. मी इथे माळी, मीटर आणि पंप बघतो. इथे राहणाऱ्यानेच सगळं केलं पाहिजे असं आम्ही २० वर्षं उगाच धरून चाललो होतो.

पुणे, कोथरूड. १२ सदनिका. १९ वर्षं अध्यक्ष.

माझा अनुभव न जमल्याचा आहे.

'नवीन पिढी पुढे येत नाही' हे मी प्रत्येक सभेत म्हणायचो. २०१८ मध्ये दोघं आले, दोघंही तिशीतले. एकाने सचिवपद घेतलं, दुसरीने हिशेब. मी काय केलं? त्याने लिहिलेलं इतिवृत्त लाल पेनाने दुरुस्त केलं. तिने प्लंबरला चेक दिला तर 'कुणाला विचारून दिला?' असं जिन्यात, सगळ्यांसमोर विचारलं. रक्कम १,८०० रुपये होती. वर्षभरात दोघंही बाजूला झाले. माझ्याशी आजही नीट बोलतात, पण समितीचा विषय निघाला की गप्प होतात.

पद सोडायचं होतं हे खरं. पण इमारत बांधली तेव्हापासूनचं सगळं माझ्या डोक्यात आहे, आणि ते दुसऱ्याच्या हाती जाताना भीती वाटायची. ड्रेनेजचे चेंबर कुठल्या फरशीखाली आहेत, महापालिकेच्या लाइनचा कॉक कुठे, अर्थिंग कुठे पुरलंय, कुठल्या ठेकेदाराला आगाऊ पैसे द्यायचे नाहीत. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक वेळी त्यांना मला विचारावं लागायचं आणि मला वाटायचं, बघा, माझ्याशिवाय अडतं.

गेल्या दिवाळीपासून मी एक वही करतोय. चेंबरचे नकाशे काढले, अंतरं टेपने मोजून लिहिली. कन्व्हेअन्सची, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करण्याच्या कागदांची, फाइल लावली. वही पुरी झाली की त्या मुलीकडे नेऊन देणार आहे. ती परत येईल अशी अपेक्षा ठेवत नाही, पण माफी मागायची राहिली आहे.

मुंबई, विलेपार्ले. १८ सदनिका. १९७२ ची इमारत.

वरचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे माणसं कामाने नाही, संशयाने गेली.

पुनर्विकासाचा विषय निघाला आणि सचिवांना पार्किंगमध्ये एकाने विचारलं, "बिल्डरकडून किती मिळाले?" ते निवृत्त शिक्षक, १४ वर्षं विनामोबदला काम केलेले. त्याच आठवड्यात राजीनामा. पाठोपाठ समितीतले आणखी ४ गेले, गणपूर्ती संपली. पुढे सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७७-अ खाली सोसायटीचा कारभार बघायला प्रशासक नेमला गेला. त्यांचं मानधन सोसायटीच्या फंडातून. माणूस सज्जन होता, पण त्यांच्याकडे आमच्यासारख्या अनेक संस्था. बिलं भरली जायची, त्यापलीकडे काही हलेना. पावसाळ्यात जिन्याचा स्लॅब पडला तेव्हा बांबूचा टेकू लावायलाही पत्रव्यवहार करावा लागला.

'प्रशासक आला की लोक ताळ्यावर येतात' असं काही जण सांगतात. आमच्याकडे आले हे खरं, पण त्यात दीड वर्ष गेलं आणि त्या शिक्षकांचं मन कायमचं उतरलं. हा मार्ग कुणी मुद्दाम धरू नये.

नवीन समितीत मी आहे. पुनर्विकासासाठीच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात बिल्डर निवडीच्या सभेचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे. आम्ही ठरवलं की साधी सभाही रेकॉर्ड करायची. प्रत्येक कोटेशन नोटीस बोर्डावर, नाकारलेलंसुद्धा. यामुळेच दोन जणी समितीत यायला तयार झाल्या. त्यांची अट एकच होती, उद्या आमच्यावर बोट दाखवलं तर कागद समोर असला पाहिजे.

नाशिक, इंदिरानगर. २० सदनिका.

समितीत २ जागा महिलांच्या. ६ वर्षं माझं नाव त्यात होतं. यजमान रजिस्टर आणायचे, मी सही करायचे. सभेत चहा मीच करायचे, बसायचे मात्र नाही.

मग सचिव काकांनी एकदा जिन्यात थांबवलं. "ताई, तुम्ही शाळेत फीचे हिशेब बघता ना? आपल्या थकबाकीची यादी तेवढी लावून द्याल? दोन रविवार लागतील." समितीत या, जबाबदारी घ्या, असं काही म्हणाले नाहीत. मी यादी लावली. तिघांकडे मिळून ९२,००० थकले होते. शिवाय व्याज कुणाला १८ टक्के, कुणाला २१ टक्के लावलेलं, सभेचा ठराव एकच असताना. ते दुरुस्त केलं, प्रत्येकाला घरी जाऊन कागद दाखवला. दोघांनी महिन्याभरात भरले.

आता मी खजिनदार आहे. घर चालतं तसंच चालतं, पण सभेला मी खुर्चीवर बसते आणि चहा बाहेरून येतो. 'कुणी पुढे येत नाही' म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तुम्ही नाव घेऊन, एवढंच काम, इतकेच दिवस, असं कुणाला विचारलंत का? मला ६ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

न्यू जर्सी. २८ टाउनहाउस.

इथेही तेच दुखणं. बोर्ड ३ जणांचं. बर्फ काढण्याचं कंत्राट, छपरांची दुरुस्ती, वर्गणी वाढवली की संतापाच्या ईमेल. प्रतिनिधीमार्फत मत देता येतं, त्यामुळे कोरम होतो, पण उभं राहायला कुणी नसतं. एक गोष्ट उपयोगी पडली: तिघांची मुदत एकाच वेळी संपत नाही, दर वर्षी एकच जागा रिकामी होते. नवीन माणसाच्या शेजारी दोन जाणते बसलेले असतात. पुण्याच्या काकांची वही मी आमच्या बोर्डाला सांगणार आहे.

डोंबिवलीहून पुन्हा.

सगळ्यांचं दोनदा वाचलं. नोटिशीतला विषय कायद्याने आहे तसाच ठेवलाय, पण सोबत एक कागद जोडला. मी ११ वर्षांत जे जे करते ते वेगवेगळं लिहून काढलं, ३१ कामं निघाली. प्रत्येकापुढे महिन्याचे तास लिहिले. माझ्या नवऱ्याने तो कागद वाचला आणि बराच वेळ हातात धरून बसला.

आज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर गेले होते. तिथला मुलगा आयटीत आहे, घरूनच काम करतो, दोन वर्षांत त्याच्याशी 'काय, कसं' यापलीकडे बोलले नव्हते. त्याला विचारलं, रविवारी टाकी धुवायला माणूस येतोय, मी माहेरी असेन, तासभर उभा राहशील का? तो म्हणाला, "राहीन की, काकू. पण वॉल्व कुठला बंद करायचा?" त्याला गच्चीवर नेऊन दाखवलं. किल्ली त्याच्याकडेच आहे.