बऱ्याच वर्षांनी परत जपान!

२०१४ला टोकियो सोडलं पण जीव तिकडेच अडकलाय, आता एप्रिलमध्ये नवऱ्याला घेऊन चाललेय. त्सुकिजीच्या मासळी बाजारात पहाटे जायचंच आहे. रेल्वेचा जेआर पास घेऊ का? ट्रेन-बसचं जुनं सुइका कार्ड चालेल ना?

— अगं त्सुकिजीचा लिलाव २०१८ला तोयोसूला गेला, पण बाहेरच्या गल्ल्या आहेत तिथेच आहेत, काडीवरची गरमागरम तामागोयाकी (जपानी ऑम्लेट) खाच!

— पास आता परवडत नाही. ऑक्टोबर २०२३ला सात दिवसांचा २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला, नुसतं टोकियो-क्योतो असेल तर सुटी तिकिटं काढा. सुइका १० वर्षं वापरलं नसेल तर बाद होऊ शकतं, नवीनच घ्या.

— राहत होतीस तिथे आधी जा. आमच्या गल्लीतलं सेंतो (सार्वजनिक स्नानगृह) पाडलंय, फार वाईट वाटलं, पण भाजीवाल्या आजींनी लगेच ओळखलं आणि सोडेचनात!