‘अम्प्टीन’चं स्पॅनिश: ‘मिल’ की ‘त्रोपेथिएन्तोस’? तिघांची चर्चा

अक्षरगणित: इंग्रजी बोलण्यात ‘अम्प्टीन’ (umpteen, म्हणजे ‘कितीतरी’) येतं तेव्हा आकड्याला किंमत नसते, वैतागाला असते. आपलं ‘सतराशे साठ वेळा सांगितलं’ तसंच. स्पॅनिशमध्ये सरळ ‘मिल’, म्हणजे ‘हजार’, घ्यावं: ‘ते लो ए दिचो मिल बेसेस’ (‘तुला हजार वेळा सांगितलंय’). स्पेन असो की अर्जेंटिना, सगळीकडे कळतं.

रेघोटी: पुढे ‘वेळा’ असेल तरच मान्य. नाम बदललं की ‘मिल’ फसतं. ‘अहवालाला अम्प्टीन पानं आहेत’ याचं ‘मिल पाखिनास’ (‘हजार पानं’) केलंत तर वाचणारा खरोखर हजार पानं समजेल, कारण हजार पानी अहवाल असू शकतो. ‘अम्प्टीन’ ही संख्याच खोटी आहे, म्हणून तो गैरसमज होत नाही. तशी खोटी संख्या स्पेनच्या बोलीत आहे: ‘त्रोपेथिएन्तोस’. शेपूट शेकड्यांचं, पण डोकं कुठल्याच अंकाचं नाही. लिंग मात्र सांभाळा. ‘पाखिना’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘त्रोपेथिएन्तास पाखिनास’. मध्ये ‘दे’ घालू नका. तो ‘उन मोन्तोन दे’ला (‘ढीगभर’) लागतो, इथे नाही.

अक्षरगणित: पण हा शब्द स्पेनचा. मेक्सिकोतलं पात्र तो बोललं तर लगेच खटकेल.

रेघोटी: मेक्सिकोच्या पात्राला तिथली तशीच खोटी संख्या ‘चोर्रोसिएन्तोस’ द्या. पात्र कुठलं आहे हे माहीत असताना सगळ्यांना चालेल असा शब्द शोधणं म्हणजे त्याची बोली काढून घेणं.

उपशीर्षक: सबटायटलवाल्यांनी लांबीही बघावी. स्पॅनिश लिपीत मोकळ्या जागा धरून वरचं ‘मिल बेसेस’चं वाक्य 24 अक्षरांचं, त्यातच ‘मिल’ऐवजी ‘त्रोपेथिएन्तास’ घातलं तर 33. वाचायचा वेग सेकंदाला 17 अक्षरं धरला तर जवळपास अर्धा सेकंद जास्त लागतो. संवाद भराभर चालू असेल तर तिथे ‘मिल’च घ्यावं लागतं. आणि ‘अम्प्टीन्थ’, म्हणजे ‘कितव्यांदा तरी’, यावर वादच नको: ‘पोर एनेसिमा बेस’. ‘पोर’नंतर ‘ला’ घालू नका. हे लेखी मजकुरातही शोभतं.

अक्षरगणित: मग सगळ्या देशांसाठी एकच आवृत्ती असेल तर पानांचं काय? मी ‘उन मोन्तोन दे पाखिनास’ करेन. अनौपचारिक आहे आणि सगळीकडे चालतं.

रेघोटी: अर्थ येतो, पण कुरकुर गळते. ‘मोन्तोन’ आनंदानेही म्हणता येतं. मी वैताग शब्दातून काढून वाक्यात घालेन. उद्गारवाचक करा: ‘के कान्तिदाद दे पाखिनास तिएने एल इन्फोर्मे!’ (‘केवढी पानं आहेत या अहवालाला!’) यात कुठल्याही देशाची बोली नाही.

अक्षरगणित: मूळ वाक्य साधं विधान असेल तर उद्गार जास्त होतो. तिथे माझं ‘मोन्तोन’च राहील.