सातवी शिकलेल्या मामाचं सुपारी सोलायचं मशीन, आता पुढे काय?

पोफळीखाली: मंडळी, श्रीवर्धनजवळ आमची वाडी आहे. मामाने सातवीत शाळा सोडली, मग गॅरेज, मग बोटींची इंजिनं खोलत जोडत शिकला, आयटीआय नाही की डिप्लोमा नाही. दोन पावसाळे खपून त्याने असोली सुपारी सोलायचं मशीन केलंय, अर्धा एचपी मोटर, भंगारातला गिअर, बाकी सगळं हाताने. मधल्या मापाची सुपारी मस्त सोलते पण बारकी तशीच बाहेर पडते आणि मोठी फुटते. आणि एका बँकेत गेलो तर पहिला प्रश्न, शिक्षण किती? मामा तिथूनच उठला. पेटंटचं काढलं की म्हणतो ती शिकलेल्यांची कामं.

गिअरबॉक्स: मशीनचा दोष नाही रे, एकाच फटीतून सगळी मापं कशी जातील. आधी चाळणी लावा, तीन मापं वेगळी करा आणि प्रत्येक मापाला फट बदला, नाहीतर पात्यासमोरच्या रबराला मागून स्प्रिंग द्या म्हणजे मोठी आली की ते मागे सरेल. दुसरं, सुपारी खुळखुळते का बघा. नीट वाळायला चाळीसेक दिवस ऊन लागतं, कच्ची टाकलीत तर साल चिवट आणि दोष मात्र मशीनला.

दापोलीकर: पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम बघा, जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. आठवी पासची अट आहे ती उत्पादनात १० लाखांच्या वरच्या प्रकल्पाला, त्याखाली शिक्षणाची अटच नाही. ग्रामीण भागात जनरलला २५ टक्के सबसिडी, स्वतःचे १० टक्के घालायचे. कर्ज शेवटी बँकच देते म्हणा, पण तो नियम छापून खिशात ठेवा.

अडकित्ता: पेटंटला मार्कशीट कोण मागत नाही. मी नारळ काढायचा आकडा जत्रेत सगळ्यांना खोलून दाखवला होता, पुढच्या वर्षी शेजारच्या गावात तोच विकायला. तेव्हा आधी अर्ज, मग कौतुक. एकट्या माणसाला ऑनलाइन फी १,६०० रुपये, सुरुवातीला तात्पुरता मसुदा चालतो, पूर्ण मसुदा १२ महिन्यांत द्यायचा. मिळालं तर अर्जापासून २० वर्षं. आतली रचना आधीच जगजाहीर झाली असेल तर मात्र नवेपणा गेला. व्हिडिओ टाकू नका!

मालवणी माणूस: मामाक नमस्कार सांग रे. आमच्याकडे ओले काजू फोडूक असला कायतरी बनव म्हणा, चिकान हाताची सालां जातत.

पोफळीखाली: अडकित्तादादा, व्हिडिओ गावच्या ग्रुपवर कालच गेलाय 😐 आत्ता परत बघितला, झाकण बंद आहे, नुसता खडखडाट आणि सुपाऱ्या पडताना दिसतात, आणि मध्येच मामी ओरडते बंद कर ते. मामाला सांगितलं झाकण कोणासमोर उघडायचं नाही. तो चाळणीला पत्रा बघायला गेलाय, बाकीचं त्याने ऐकलं की नाही देव जाणे.