गेममधल्या ज्या गप्पांनी काहीच होत नाही, त्याच खऱ्या गप्पा

निवांत_कोपरा (धागाकर्ता)

आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) आणि अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये काही संवाद असे असतात की ते ऐकले नाहीत तरी गोष्ट पुढे सरकते आणि ऐकले तरी हाती काही लागत नाही. ना एक्सपी (अनुभवाचे गुण), ना वस्तू, ना नकाशावर नवी खूण. यांना 'फिलर' म्हणून मोडीत काढायची पद्धत आहे. माझं म्हणणं उलटं आहे. मुख्य कथेतल्या संवादात पात्राला कथेची हमाली करावी लागते. दार कुणी बंद केलं, चावी कुठे आहे, पुढे कुणाला भेटायचं, हे सांगायला कुणीही चालतं. पात्राचा स्वभाव दिसतो तो कामाचं बोलणं संपल्यावर.

'नाईट इन द वुड्स' (२०१७) घ्या. रोज तोच रस्ता, तीच घरं. शेजारची सेल्मर्स पायरीवर बसून स्वतःच्या कविता ऐकवते. न थांबता पुढे गेलात तर गेम तुम्हाला काहीही दंड करत नाही. 'अंडरटेल'मध्ये (२०१५) पॅपिरस या पात्राचा नंबर मिळाला की जवळजवळ प्रत्येक खोलीतून फोन लावता येतो आणि तो त्या त्या खोलीबद्दल वेगळं काहीतरी बरळतो. 'केंटकी रूट झीरो'त तर बहुतेक पर्यायांनी कथा बदलतच नाही. तुम्ही फक्त ठरवता की हा माणूस मनात काय बाळगून आहे.

माझी अट एकच. अशा गप्पांना बक्षीस जोडू नका. 'स्टार्ड्यू व्हॅली'त (२०१६) गावकऱ्याशी दिवसातून एकदा बोललं की मैत्रीचे २० गुण मिळतात आणि २५० गुणांना एक हृदय भरतं. परिणाम काय? लोक गावभर धावत प्रत्येकासमोर बटण दाबतात आणि चौकट न वाचता बंद करतात. लेखन वाईट नाही, हिशेबाने ते मारलं.

ढाल_आधी

असहमत. 'काहीच होत नाही' हे तुम्ही गुण म्हणून सांगताय, मला तो बहुतेक वेळा आळस दिसतो.

पहिलं, गती. मुख्य कथा ओरडून सांगते की जग बुडायला आलंय आणि त्याच वेळी तळावर सहा सोबती आपापलं बालपण सांगायला रांगेत उभे. दोन्ही एकदम खरं वाटू शकत नाही, एकाचा बळी जातोच.

दुसरं, पैसा. आवाज दिलेली एक ओळ म्हणजे नुसती एक ओळ नाही. लिहा, संपादन करा, रेकॉर्ड करा, ओठांची हालचाल जुळवा, सबटायटल टाका, प्रत्येक भाषेत भाषांतर करा, मग प्रत्येक भाषेत ती योग्य जागी वाजते का ते तपासा. कथा उशिरा बदलली की अभिनेत्याला परत स्टुडिओत बोलवा. हा खर्च ज्या ओळी मोजके लोक ऐकणार त्यांवर करायचा?

तिसरं, ओळींचा साठा. 'स्कायरिम'च्या (२०११) पहारेकऱ्यांचं ते गुडघ्यातल्या बाणाचं वाक्य ('मीही तुझ्यासारखाच साहसी होतो, मग गुडघ्यात बाण लागला') आठवा. मुळात बरं वाक्य होतं. पण पहारेकरी शेकडो, ओळी मोजक्या आणि खेळ शंभर तासांचा. वीस ओळी आणि चारशे भेटी असं धरलं तरी प्रत्येक ओळ सरासरी वीस वेळा कानावर पडते. तिसऱ्या वेळी माणूस जातो आणि टेपरेकॉर्डर उरतो.

पाचवा_पर्याय

ढाल_आधी, हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. तुमच्या उदाहरणातला दोष गप्पांचा नाही, निवड करणाऱ्या यंत्रणेचा आहे. चार गोष्टी सांभाळल्या तर छोट्या साठ्यातही पुनरुक्ती जाणवत नाही.

एक : ओळ एकदा वाजली की तिच्यावर खूण, आणि सगळा साठा संपेपर्यंत ती परत नाही. नुसतं रँडम ठेवलं तर लागोपाठ तीच ओळ येऊ शकते आणि कानाला नेमकं तेच आठवतं. 'इंक' या संवादलेखनाच्या भाषेत ही सोय मुळातच आहे. चांदणीने लिहिलेला पर्याय एकदाच दिसतो, अधिकचिन्हाचा पुन्हा पुन्हा.

दोन : सगळ्यात नेमकी अट जुळणारी ओळ आधी. 'लेफ्ट फॉर डेड २'मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने हेच केलं होतं. कोण बोलतंय, कुठे आहे, जवळ कोण आहे, तब्येत किती उरली आहे अशा अटींची यादी प्रत्येक ओळीला जोडायची आणि ज्यांच्या सगळ्या अटी पूर्ण होतात त्यांतली सगळ्यात जास्त अटींची ओळ निवडायची. काहीच जुळलं नाही तरच सर्वसाधारण ओळ. लेखकाला कोड लिहावा लागत नाही, तो नुसते नियम वाढवत जातो.

तीन : मधलं अंतर. हे बहुतेक जण चुकवतात. 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'मध्ये (२००९) सोबत्यांच्या आपसातल्या गप्पा ठरावीक जागांवर सुरू होत, म्हणून लोकांनी त्या जागा हेरल्या आणि एकाच पुलावर येरझाऱ्या घालू लागले. 'इन्क्विझिशन'मध्ये (२०१४) वेळेवर आधारित पद्धत आणली, तर लांबच लांब शांततेच्या तक्रारी. मला वाटतं दोन्ही हवं : जागा ठरलेली, पण मागच्या गप्पेला काही मिनिटं होऊन गेलेली असली तरच.

चार : तुटलं तर जोडणं. 'गॉड ऑफ वॉर'मध्ये (२०१८) होडीत मीमिर हा सोबती गोष्ट सांगत असतो. किनाऱ्याला लागलात की तो थांबतो, परत होडीत बसलात की तिथूनच पुढे. त्यासाठी तोडणारी वाक्यं आणि जोडणारी वाक्यं वेगळी रेकॉर्ड करावी लागतात. ती बऱ्याच गप्पांना चालतात, त्यामुळे खर्च वाटतो तेवढा नाही.

गाभा

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ चाललीय. कुणी आधी वेगळ्या करा.

बरेचसे 'ऐच्छिक संवाद' म्हणजे गप्पा नसतातच, तो कोश असतो. "या शहराबद्दल सांग." "तुझ्या लोकांबद्दल सांग." "युद्ध कसं सुरू झालं?" 'मास इफेक्ट'मध्ये बोलण्याचे पर्याय दाखवणाऱ्या चक्रात डावीकडचे पर्याय चौकशीचे, उजवीकडचे बोलणं पुढे नेणारे. 'विचर ३'मध्ये पिवळा पर्याय पुढे नेतो, पांढरे ऐच्छिक. सोय उत्तम आहे, पण तिचा दुष्परिणाम असा की खेळाडू यादी वरून खाली रिकामी करत जातो. प्रश्न संपले की संभाषण संपलं. माणसाशी बोलतोय असं नाही, कपाट आवरतोय असं वाटतं.

निवांत_कोपरा, तुमच्या धाग्यात हे बसतं का?

निवांत_कोपरा

नाही बसत, आणि फरक ओळखायला सोपी चाचणी आहे. ते वाक्य उचलून दुसऱ्या पात्राच्या तोंडी घाला. चाललं तर माहिती, नाही चाललं तर गप्पा. शहराचा इतिहास कोणताही दुकानदार सांगेल. 'मास इफेक्ट २'मध्ये गॅरस या सोबत्याकडचं बोलणं संपलं की तो दर वेळी कॅलिब्रेशनचं (तोफा जुळवण्याचं) कारण सांगून तुम्हाला वाटेला लावतो. ती ओळ मुळात 'आता नवीन काही नाही' एवढंच सांगण्यासाठी आहे. तरीही पात्राला चिकटली ती तीच, कारण टाळाटाळ करायची ही पद्धत फक्त त्याचीच.

ढाल_आधी

म्हणजे तुमचं सर्वोत्तम उदाहरण 'बोलायला काही नाही' हे सांगणारं वाक्य आहे. यावर मी आणखी काय बोलू.

बरं, गंभीर मुद्दा. काहीच होणार नाही यावर खेळाडूने विश्वास का ठेवावा? 'डार्क सोल्स'ने एका पिढीला शिकवलंय की तेच वाक्य परत येईपर्यंत बोलत राहा, नाहीतर त्या पात्राची पुढची कडी उघडणार नाही आणि ते सांगणारही कुणी नाही. 'एल्डन रिंग'मध्ये पात्रं कुठे भेटली हे नकाशावर दिसायलासुद्धा मार्च २०२२चा १.०३ पॅच यावा लागला. फाल्कॉमची 'ट्रेल्स' मालिका बघा. कथेतल्या जवळपास प्रत्येक घटनेनंतर गावातल्या सगळ्यांचे संवाद बदलतात. अप्रतिम आहे, मान्य. पण काही साइडक्वेस्ट (मुख्य कथेबाहेरची कामं) कामांच्या फळ्यावर लागतच नाहीत, त्या कुणाशी तरी वेळेत बोललं तरच सुरू होतात. त्यामुळे पुढे जाण्याआधी अख्खं गाव फिरायचं, दर वेळी. ऐच्छिक शब्द फक्त नावाला. 'टेल्स' मालिकेतल्या स्किट्सचं (सोबत्यांच्या छोट्या गप्पांचं) तेच. कोपऱ्यात सूचना येते, वेळेत बटण दाबलं नाही तर बऱ्याच हातच्या जातात.

निवांत_कोपरा

अहो, हेच तर मी पहिल्या पोस्टमध्ये म्हणतोय! लपवलेली साइडक्वेस्ट हेही बक्षीसच. निरर्थक गप्पांच्या ढिगात एक कामाची सुई टाकली की बाकीचा ढीग वाया जातो, कारण मग प्रत्येक जण सुईच शोधतो. 'ट्रेल्स'मधल्या गावकऱ्यांच्या छोट्या छोट्या कहाण्या, कुणाचं लग्न जमतंय, कुणी दुकान बदलतंय, त्या सुईशिवायच जास्त वाचल्या गेल्या असत्या.

उपशीर्षक

तुमची तात्त्विक चर्चा चालू द्या, पण गप्पा ऐकता न येणाऱ्यांचं काय? चालता चालता होणाऱ्या गप्पा सबटायटलवर वाचायच्या म्हणजे डोळे खाली आणि पाय खड्ड्यात. यात नेमकं काय बिघडतं ते लिहितो.

बोलणाऱ्याचं नाव नसतं. तीन जण सोबत असतील तर नावाशिवाय अर्थच लागत नाही. एका वेळी दोन ओळी आणि ओळीत चाळीसच्या आत अक्षरं एवढं ठेवलं तर खेळता खेळता वाचून होतं, पण अनेक गेम पूर्ण परिच्छेद फेकतात. लढाई सुरू झाली की गप्पेची ओळ आणि 'मागे बघ' ही ओळ एकाच जागी, एकमेकींवर. खरं तर लढाईच्या ओळीला वरचा प्राधान्यक्रम देऊन गप्पा तिथेच थांबवायला हव्यात.

आणि लॉग, म्हणजे झालेल्या बोलण्याची नोंद. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये (चित्रांसह वाचायच्या गेममध्ये) मागची वाक्यं परत वाचायची सोय कितीतरी वर्षांपासून आहे. मोठ्या आरपीजींत चालता चालता झालेलं बोलणं निसटलं की निसटलं. ज्या संवादाने काही होत नाही त्यालाच लॉगची जास्त गरज आहे, कारण त्यातलं काही जर्नलमध्ये नोंदलं जात नाही.

अजून एक, बटणाचं. वाक्य पुढे ढकलायचं बटण आणि पर्याय निवडायचं बटण एकच असेल तर घाईत पहिला पर्याय आपोआप निवडला जातो. पर्याय दिसल्यावर पाव-अर्धा सेकंद बटण निकामी ठेवलं की काम होतं. तसंच शेवटचं वाक्य बंद करायला दाबलेल्या बटणाने त्याच पात्राशी पुन्हा बोलणं सुरू होतं. लोकांना 'गप्पा कंटाळवाण्या' वाटतात त्यातला निम्मा कंटाळा या दोन चुकांचा असावा असा माझा अंदाज.

पाचवा_पर्याय

उपशीर्षक +१. बटणाचा मुद्दा तर टेस्टिंगच्या पहिल्या यादीत हवा.

ढाल_आधी यांच्या खर्चाच्या मुद्द्यावर : 'हेडीज'. वीस हजारांहून जास्त आवाज दिलेल्या ओळी. मेलात की घरी परत, आणि तिथे प्रत्येक पात्राशी साधारण एकच संभाषण. नंतर पुन्हा बटण दाबून उपयोग नाही. कोणतं संभाषण येणार ते अटी आणि प्राधान्यक्रम ठरवतात. मागच्या फेरीत कुणी मारलं, कोणतं शस्त्र होतं, वगैरे. एका बैठकीत सगळं उपसता येत नाही, म्हणून कपाट आवरल्यासारखंही होत नाही. गाभा यांच्या यादीच्या दुखण्यावर एवढा साधा इलाज आहे : भेटीला एक गप्पा, बस.

ढाल_आधी

'हेडीज' डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२० अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) होता. ओळी तेव्हा हप्त्याहप्त्याने वाढत गेल्या. शिवाय तिथे मरण हाच विराम आहे, म्हणजे गप्पांना जागा खेळाच्या रचनेनेच दिली. साठ तासांच्या सरळ कथेला ही सोय नाही. आणि पात्राला नेक्टर (गेममधलं पेय) दिलं की भेटवस्तू मिळते, तेव्हा बक्षीस-मुक्त वगैरे तोही नाही, निवांत_कोपरा यांनी नोंद घ्यावी.

गाभा

नेक्टर फेऱ्यांमध्ये कमवावं लागतं, नुसतं बोलून भेटवस्तू मिळत नाही. देणं आणि बोलणं वेगळं ठेवलंय. 'स्टार्ड्यू'त नुसत्या बोलण्याला गुण आहेत, फरक तिथे आहे.

विरामाबद्दल मात्र ढाल_आधी बरोबर. गप्पा कितीही चांगल्या असोत, खेळाडू जिथे आधीच थांबलेला असतो तिथेच त्या खपतात. 'मेटल गिअर सॉलिड ३'मध्ये (२००४) गेम सेव्ह करायला रेडिओ लावला की पॅरा-मेडिक नावाची सहकारी सिनेमांबद्दल बोलत बसते. सेव्ह करायला थांबणारच होता, मग ऐका. 'मास इफेक्ट'मध्ये (२००७) तीच जागा लिफ्टची. मागे लोडिंग चालू, पुढे सोबती एकमेकांशी बोलताहेत.

ढाल_आधी

त्या लिफ्टना किती शिव्या पडल्या ते विसरलात काय राव? इतक्या की दुसऱ्या भागात लिफ्ट काढून लोडिंगचा पडदा टाकला.

गाभा

शिव्या संथपणाला पडल्या, आणि गप्पा गेल्या म्हणून हळहळणारेही तितकेच होते. म्हणून २०२१च्या 'लेजंडरी एडिशन'मध्ये काय केलं बघा. लोडिंग आता लवकर होतं, पण बोलणं चालू असेल तर लिफ्ट चालू राहते आणि ज्याला घाई आहे त्याला वगळायचं बटण. ऐकणाऱ्याचं नुकसान नाही, पळणाऱ्याचंही नाही.

निवांत_कोपरा

आणि त्या लिफ्टच्या वर उद्गारचिन्ह नाही, हे महत्त्वाचं. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) तळावर सोबत्याच्या डोक्यावर खूण दिसते, कथेतल्या मोठ्या गोष्टींसाठी ती हवीच. पण ज्याने काही होत नाही त्याला खूण नको. खूण दिसली की ते काम झालं.

ढाल_आधी

खूण नाही म्हणजे निम्म्या लोकांना ते कळणारच नाही आणि पुढच्या गेममध्ये 'कुणी ऐकत नाही' म्हणून निर्माता कात्री लावेल. तुम्ही स्वतःच तुमच्या गप्पांचा गळा दाबताय.

पण लिफ्टमधलं बटण मान्य. वगळायची सोय, लढाईत गप्प, आणि उपशीर्षक यांचा लॉग, हे तिन्ही दिलं तर माझी तक्रार बजेटपुरती उरते. ती मात्र मागे घेत नाही.