मदत हवी आहे: पीकेए ६.१ चा बफर रक्ताचा पीएच ७.४ कसा सांभाळतो?

मंडळी, एका ठिकाणी गाडी अडलीय. बफर (आम्ल किंवा अल्क पडलं तरी पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, फारसा हलू न देणारं मिश्रण) आपल्या पीकेएच्या (ज्या पीएचला जोडीतलं आम्ल आणि अल्क समसमान असतं तो आकडा) आसपास, फार तर एक अंक वर-खाली, एवढ्यातच नीट काम करतो असं शिकलो. बायकार्बोनेट (अल्क) आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड (आम्ल) या जोडीचा पीकेए ६.१, आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. म्हणजे गडी हद्दीबाहेरच! तरी रक्तातला मुख्य बफर हाच म्हणे.

आकडे घालून पाहिले. बायकार्बोनेट २४, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ (मिलीमोल प्रति लिटर). गुणोत्तर २०, त्याचा लॉग १.३, तो पीकेए ६.१ मध्ये मिळवला की पीएच ७.४. इथवर जुळतं. आता त्यात लिटरमागे १२ मिलीमोल तीव्र आम्ल ओतलं असं धरा; ते तेवढ्याच बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड करतं. बंद बाटलीत बायकार्बोनेट १२ उरतं, कार्बन डायऑक्साइड १३.२ होतो आणि पीएच थेट ६.०६. खेळ खलास. पण जास्तीचा वायू श्वासावाटे निघून गेला, १.२ च राहिला, तर पीएच ७.१! (हे दोनदा तपासलं, विश्वास बसेना.)

मग खरी कमाल बफरची की फुफ्फुसांची? खर्च झालेलं बायकार्बोनेट मूत्रपिंड परत भरतं हे वाचलंय, पण नेमकं कसं? आणि हिमोग्लोबिनचा यात वाटा किती? सोप्या भाषेत कुणी समजावेल का? माझ्या हिशोबात चूक असेल तर तीही बिनधास्त दाखवा.