सीमेपलीकडचे 'भाऊबंद' म्हणावं का?

मृण्मयी: कोसोवोवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. (अल्बेनियाला लागून असलेला हा भाग तेव्हा सर्बियाचा प्रांत होता.) १९९७मध्ये अल्बेनियात लोकांचा पैसा बुडाला, सरकार कोसळलं, शस्त्रागारं लुटली गेली. त्यातल्या कितीतरी बंदुका डोंगरवाटांनी कोसोवोतल्या अल्बेनियन भाषकांच्या हाती पडल्या आणि पुढच्याच वर्षी तिथे लढाई भडकली. या अलीकडच्या-पलीकडच्या लोकांना मी 'भाऊबंद' म्हटलं. संपादकांनी काट मारली. म्हणे, भाऊबंद म्हणजे भांडणारे! दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडा: भांडण असतं ते भाऊबंदकीत. भाऊबंद म्हणजे एका कुळातले लोक, बस. खुशाल ठेवा.

जुना वाचक: आज भाऊबंद म्हटलं की वाटण्या नि कोर्टकचेऱ्याच आठवतात. 'गणगोत' घ्या.

मृण्मयी: गणगोताने बंदुका पाठवल्या, हे कानाला कसं लागतं बघा.

रानवाट: नुसत्या बंदुकाच नाहीत. १९९९मध्ये कोसोवोतून लाखो माणसं अल्बेनियात आली, तेव्हा अनोळखी कुटुंबांनी त्यांना घरात घेतलं, कारण भाषा एक. तिथे गणगोतच शोभतो. 'वांशिक बांधव' मात्र नको, सरकारी वाटतो.

शब्दवेडा: 'वांशिक'वर माझाही राग आहे. रवांडात हुतू आणि तुत्सी या दोन्ही गटांची भाषा किन्यारवांडाच, आपसात लग्नंही व्हायची. बेल्जियन अमलात १९३०च्या दशकात ओळखपत्रावर गट छापला गेला आणि १९९४मध्ये तेच कार्ड बघून नाक्यानाक्यावर माणसं मारली. यात वंश कुठून आला?

जुना वाचक: मग 'जातीय' म्हणणार? त्याने वाचक भलतीकडेच जाईल. आणि रवांडाला सर्रास 'यादवी' म्हणतात तेही खटकतं. १ ऑक्टोबर १९९० रोजी युगांडातून फौज शिरली. त्यातले बहुतेक तिथल्या तुत्सी निर्वासितांची मुलं. १९९६मध्ये रवांडाचं सैन्य काँगोत घुसलं. प्रभासक्षेत्री यादव आपसात लढून संपले, बाहेरून कोणी आलं नव्हतं.

शब्दवेडा: मग काय, 'गृहयुद्ध'? तो हिंदीतून आलाय.

रानवाट: आला तर आला. संस्कृत शब्दावर हिंदीचा एकटीचा हक्क नाही. वाचकाला कळतो, पुरे.

जुना वाचक: कळण्यावर बोट ठेवलंत तर 'सिव्हिल वॉर'ही कळतो.

मृण्मयी: लेख उद्या द्यायचाय. भाऊबंद की गणगोत?

शब्दवेडा: यादवीबद्दल एक राहिलं. युगांडातून आलेली ती मुलं किन्यारवांडाच बोलत होती. त्यांना बाहेरचं ठरवलंत, तर घरचं कोण?