आल्दो सांब्रेल: लिओनेच्या वेस्टर्नचा कणा, की कायमचा टोळीतला माणूस?

कातळवाट:
इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या वेस्टर्नपटांचा, म्हणजे काउबॉय-बंदूकबाजांच्या चित्रपटांचा, विषय निघाला की नायक ईस्टवुड, संगीतकार मॉरिकोने, फार तर खलनायक वोलोन्ते. सांब्रेलचं नाव कुणी काढत नाही, आणि मला ते खटकतं. १९३१ साली माद्रिदमध्ये जन्मलेला हा नट आधी फुटबॉल खेळायचा. लिओनेच्या डॉलर त्रयीच्या ('अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स', 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर', 'द गुड, द बॅड अँड द अग्ली') तिन्ही चित्रपटांत तो आहे, 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्येही आहे. दक्षिण स्पेनमधल्या अल्मेरियाच्या उजाड माळावर उभं केलेलं टेक्सास खरं वाटतं ते अशाच चेहऱ्यांमुळे. 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मधला त्याचा कुचियो आठवा. टोळीचा म्होरक्या इंदियो त्याच्याच चाकूने पहारेकऱ्याला मारवतो, कैदी सोडतो, खापर कुचियोवर फोडतो आणि त्यालाच संपवतो. इंदियो स्वतःच्या माणसांचाही सख्खा नाही, हे आपल्याला तिथे कळतं.

नदीपल्याड:
साफ असहमत. पहिल्या चित्रपटात रोहो भावांच्या टोळीत, दुसऱ्यात इंदियोच्या, तिसऱ्यात खलनायक एंजल आयजच्या. याला कारकीर्द म्हणायचं? त्यात हे चित्रपट नंतर डब व्हायचे. सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा. इंग्रजी प्रतीत आपण ऐकतो तो आवाज बहुतेक वेळा दुसऱ्याचाच. नटाचा आवाजच काढून घेतल्यावर उरतं काय? स्पॅनिश नटांना टोळीत उभं करायचं आणि मोठी भूमिका बाहेरच्याला द्यायची, असाच तो कारभार होता.

कातळवाट:
उरतो चेहरा, आणि तो पुरतो! दिग्दर्शक कॉर्बुचीचा 'नवाहो जो' (१९६६) बघा. समोर बर्ट रेनॉल्ड्स, आणि मुख्य खलनायक डंकन म्हणजे सांब्रेल. सुरुवातीलाच तो नदीवरच्या एका आदिवासी बाईकडे बघून हसतो. तीही हसते. लगेच तो तिला गोळी घालतो आणि तिच्या डोक्याची कातडी सोलून घेतो. ते हसू इतकं साधं आहे की नंतर त्याच्या कुठल्याच हसण्यावर विश्वास बसत नाही. इथे आवाजाचा संबंधच नाही.

माळरान७:
@नदीपल्याड, 'स्पॅनिश म्हणून डावललं' हे पटत नाही. फर्नांदो सांचोही स्पॅनिशच. 'अ पिस्टल फॉर रिंगो'त (१९६५) दरोडेखोरांचा म्होरक्या तोच आहे आणि पडदा व्यापून टाकतो. डबिंगचं मात्र खरं आहे. या नटांवर त्यामुळे फार अन्याय झाला.

नदीपल्याड:
सांचोचं मान्य. डंकनही जबरदस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझा मुद्दा त्यामुळेच पक्का होतो. ज्याने १९६६ साली एक अख्खा चित्रपट अंगावर पेलला, त्याला लिओने १९६८ मध्ये 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये पुन्हा शायेन नावाच्या दरोडेखोराच्या टोळीत उभा करतो. दिग्दर्शकाला हा माणूस काय करू शकतो ते दिसत होतं, तरी त्याने दिलं नाही. याला तुम्ही कणा म्हणता, मी वाया घालवणं म्हणतो.

कातळवाट:
मग चूक लिओनेची आहे. त्यापायी सांब्रेलचं काम लहान का ठरवायचं? दीडशेच्या आसपास चित्रपट केलेल्या नटाला 'टोळीतला एक' म्हणून निकालात काढणं मला मान्य नाही.